चाळिशीत अमेरिकेत इलेक्ट्रिकलची असोसिएट डिग्री: करावी का, आणि केली तर कशी

तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही कोल्हापूरकडचे. २००५ सालचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, त्यानंतर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मेंटेनन्स. बहिणीनं कधीकाळी भरलेली ग्रीन कार्डाची फाइल अखेर निघाली. आता वय ४१, मुक्काम न्यू जर्सीतल्या एडिसनला आणि काम वेअरहाउसमध्ये पिकिंगचं. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (काउंटीच्या सरकारी कॉलेजात) इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळते. तुमचं म्हणणं असं: पॉलिटेक्निकला जे शिकलो तेच परत कशाला? त्यापेक्षा सरळ बीई का नको? की इलेक्ट्रिशियनच्या लाइनला जाऊ? शेवटी मिसेसबद्दलही एक ओळ होती, तिच्याकडे येतोच.

मीही डिप्लोमावालाच. इथे कन्व्हेयर आणि पॅकेजिंग लाइनच्या कंट्रोल पॅनेलचं काम करतो, आणि बरीच वर्षं संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात मोटर कंट्रोलची लॅब घेतो. त्यामुळे ही डिग्री करणारी मुलंही बघतो आणि ती घेऊन नोकरी मागायला येणारेही बघतो. खाली लिहिलंय ते या दोन खिडक्यांतून दिसलेलं.

तुमच्या प्रश्नात "तेच परत" हा जो सूर आहे, तिथेच खरी अडचण आहे असं मला वाटतं. डिप्लोमा झालाय, अठरा-एकोणीस वर्षं ब्रेकडाउन काढलेत, आणि आता एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर ओहमचा नियम? हा कमीपणा वाटणं साहजिक आहे. पण डिग्री वरची की खालची हा हिशेब बाजूला ठेवा. पन्नाशीला पोचाल तेव्हा तुम्हाला पॅनेलसमोर उभं असायचंय की टेबलाशी बसून ड्रॉइंग काढायचंय, एवढं आधी ठरवा. त्यावर कोर्स ठरतो. आणि तो झेपेल का, हे जवळजवळ पूर्णपणे गणितावर ठरतं. बाकी फी, वेळ, कागदपत्रं हे सगळं सुटतं, फक्त खटपट लागते.

आधी "तेच परत"चा निकाल लावू. या डिग्रीत साधारण ६० ते ७० क्रेडिट (अभ्यास मोजायचं माप) असतात. त्यात डीसी सर्किट, एसी सर्किट, डिजिटल, इलेक्ट्रॉनिक्स, मशीन्स, मोटर कंट्रोल, पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर), शिवाय इंग्रजी लेखन, गणित, फिजिक्स आणि एखादा समाजशास्त्र-मानसशास्त्राचा विषय. थेव्हेनिन, फेझर, पॉवर फॅक्टर हे तुम्हाला येतंच, किंवा दोन संध्याकाळी वही चाळली की आठवेल. इथपर्यंत तुमची तक्रार खरी आहे.

पण लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात काय होतं ते सांगतो. आपल्याकडून आलेला विद्यार्थी जंक्शन बॉक्स उघडतो, काळी वायर बघतो आणि हात आपोआप ती न्यूट्रल समजून पुढे जातो. आपल्याकडे लाल-पिवळा-निळा फेज आणि काळा न्यूट्रल हे डोक्यात नाही, बोटांत बसलेलं असतं. इथे न्यूट्रल पांढरा किंवा करडा आणि काळी म्हणजे जिवंत फेज. घरातल्या २४० व्होल्टच्या सर्किटमध्ये काळी आणि लाल दोन्ही जिवंत. ज्याला मेंटेनन्सचा अनुभव जास्त त्याची सवय जास्त पक्की, म्हणून त्याचीच मला जास्त काळजी. टेस्टरचा स्क्रूड्रायव्हर खिशातून काढून चाचपायची पद्धतही इथे चालत नाही. मीटर आधी माहीत असलेल्या जिवंत पॉइंटवर लावून बघायचा, मग कामाच्या जागी शून्य आहे का पाहायचं, मग परत त्या जिवंत पॉइंटवर जाऊन मीटर मधेच मेला नाही याची खात्री करायची. त्याआधी लॉक आणि टॅग, म्हणजे सप्लाय बंद करून त्या स्विचला कुलूप आणि पाटी. लॉकआउट-टॅगआउटचा ओशाचा (कामगार सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा) नियम सगळ्या कारखान्यांना लागू आहे, आणि "दोन मिनिटांचं काम आहे, चालू लाइनवरच करतो" म्हणणाऱ्याला इथे कुणी शाबासकी देत नाही, घरी पाठवतात.

मग मोटर. तुम्ही सहा टोकांच्या स्टार-डेल्टावर वाढलात. इथे टेबलावर येते नऊ टोकांची मोटर, नेमप्लेटवर २३०/४६०. टोकं टी१ ते टी९. ४६० वर चालवायची तर ४ला ७, ५ला ८, ६ला ९ जोडायचे आणि १-२-३ला सप्लाय. २३० साठी जोडणी वेगळी: १ला ७, २ला ८, ३ला ९, आणि ४-५-६ एकत्र. चार पोलची मोटर १५०० नव्हे, १८०० च्या हिशेबानं फिरते, कारण फ्रिक्वेन्सी ६०. कारखान्यात सप्लाय ४८०, दिव्यांना त्यातलाच २७७, ऑफिसच्या बाजूला २०८/१२०. जुन्या इमारतीत एखादा डेल्टा असा भेटेल की दोन फेज न्यूट्रलला १२० दाखवतात आणि तिसरा २०८. त्या तिसऱ्याला नारिंगी खूण करावी लागते. वायर चौरस मिलिमीटरमध्ये नाही, गेजमध्ये: १४ नंबर १५ अँपिअरला, १२ नंबर २० अँपिअरला, आणि नंबर जसा कमी तशी वायर जाड.

ड्रॉइंगही वेगळं. आपल्याकडे ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ हा कॉन्टॅक्ट कंट्रोल सर्किटच्या सुरुवातीला, स्टॉपच्याही आधी येतो. इथल्या पारंपरिक लॅडर ड्रॉइंगमध्ये तो कॉइलच्या पलीकडे, उजव्या टोकाला काढलेला असतो. कॉइल चौकोन नसून गोल. होल्डिंग (स्टार्ट सोडल्यावरही कॉइल धरून ठेवणारा कॉन्टॅक्ट) तेच, फक्त त्याला इथे सील-इन म्हणतात आणि स्टार्टरवर टर्मिनल २ आणि ३ शोधायचं. यात अवघड काहीच नाही. पण सगळं मिळून ही एक वेगळी बोली आहे, आणि ती यूट्यूबवर नाही, हात घालूनच येते. म्हणून मी डिप्लोमावाल्यांना सांगतो: डीसी, एसी सर्किटचं क्रेडिट मिळत असेल तर मागा, नसेल तर परीक्षा देऊन सुटका होते का विचारा. पण मोटर कंट्रोल, पीएलसी आणि कोडचा कोर्स फुकट सूट मिळत असली तरी सोडू नका. कोड म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोड. तो दर तीन वर्षांनी बदलतो, आणि तो पाठ नसतो कुणालाच. पान कसं शोधायचं ते शिकायचं असतं.

पीएलसीबद्दल एक. तुमच्याकडे सीमेन्स, मित्सुबिशी, डेल्टा या कंपन्यांचे असतील. इथे कारखान्यांत रॉकवेलचं ॲलन-ब्रॅडली फार. तर्क तोच, सॉफ्टवेअर निराळं आणि महाग. घरी शिकायचं म्हटलं तर लायसन्सच परवडत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये ते फुकट हाताला लागतं, आणि माझ्या मते फीचा निम्मा पैसा इथेच वसूल होतो.

आता पुढचं दार. "सरळ बीई" म्हणताना लक्षात घ्या की इथे दोन समांतर रस्ते आहेत. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग हा एक: त्यात कॅल्क्युलसचे तीन कोर्स, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवरचं फिजिक्स. इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी हा दुसरा: बीजगणित, त्रिकोणमिती, फार तर थोडं उपयोजित कॅल्क्युलस, आणि लॅब भरपूर. मान्यता देणारी संस्था एकच, एबेट, पण दोन्हींसाठी तिची कमिशनं वेगळी. कम्युनिटी कॉलेजातली इलेक्ट्रिकल टेक्नॉलॉजीची डिग्री बहुधा असोसिएट इन अप्लाइड सायन्स, म्हणजे एएएस असते. ती घेऊन टेक्नॉलॉजीच्या बॅचलर्सला तिसऱ्या वर्षी जाता येतं. तुमच्यासाठी न्यूअर्कचं एनजेआयटी (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) जवळ आहे, तिथे इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची बॅचलर्स आहे आणि कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांची तिथे रीतच पडलेली आहे. पण तीच एएएस घेऊन तुम्ही इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेलात, तर बरेचसे क्रेडिट पाण्यात जातात. गणित खालच्या पातळीचं, फिजिक्स खालच्या पातळीचं, आणि सर्किटचे कोर्ससुद्धा ते परत करायला लावतात.

म्हणून मनात कुठेतरी बीई असेल तर पहिल्याच दिवशी वेगळा फॉर्म भरा. त्याच कॉलेजात असोसिएट इन सायन्स, इंजिनिअरिंग असा ट्रान्सफरसाठीचा कोर्स असतो. त्यात लॅब कमी, गणित जास्त. दोन्हींच्या मधला रस्ताही आहे: एएएस करतानाच गणिताच्या जागी कॅल्क्युलस-१ घ्यायचा, म्हणजे दार पूर्ण बंद होत नाही. ॲडव्हायझर हे आपणहून सुचवेलच असं नाही. त्याच्यासमोर दिवसाला कितीतरी विद्यार्थी येतात आणि तो तुमच्यापुढे छापील तक्ता ठेवतो. तुम्ही विचारायचं: हा कोर्स अमुक विद्यापीठात अमुक कोर्सच्या बदली धरतात का, ते लेखी कुठे आहे? कॉलेज-कॉलेजांत असे करार असतात, ते मागून घ्या. पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्सचं स्वप्न असेल तर टेक्नॉलॉजीची बॅचलर्स चालते का, हे प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगवेगळं ठरवतं. नुसत्या असोसिएटवर त्या वाटेला न लागलेलंच बरं.

माझं मत विचाराल तर, ४१ व्या वर्षी, घर चालवून, संध्याकाळचे दोन विषय घेत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची बॅचलर्स हा फार लांबचा पल्ला आहे. एएएससुद्धा त्या वेगानं चार-साडेचार वर्षं खाते. पण तिच्यात सोय अशी की अर्ध्यात पोचल्यावरच नोकरी बदलता येते. मोटर कंट्रोल आणि पहिला पीएलसी झाला की मेंटेनन्स टेक्निशियनच्या जागेसाठी तुम्ही उभे राहू शकता. बॅचलर्समध्ये अर्ध्यात पोचलेल्याला त्या अर्ध्याचे कुणी पैसे देत नाही.

गणित. इथे थांबून सविस्तर लिहितो, कारण हुशार, कामसू माणसं मी इथेच अडलेली पाहिली आहेत. प्रवेशाच्या वेळी कॉलेज प्लेसमेंट टेस्ट घेतं, बऱ्याच ठिकाणी ॲक्युप्लेसर. नापास-पास काही नसतं, म्हणून लोक तयारी न करता शिफ्ट संपवून थेट जाऊन बसतात. मग अपूर्णांकांची वजाबाकी आणि फॅक्टर पाडणं वीस वर्षांत विसरलेलं असतं, आणि संगणक त्यांना सगळ्यात खालच्या गणितात टाकतो. तिथून कॉलेज अल्जिब्रापर्यंत पोचायला एक-दोन सेमिस्टर, फी लागते, अनुदानाचा हप्ता खर्ची पडतो, आणि त्या क्रेडिटचा डिग्रीत उपयोग शून्य. त्यातून एसी सर्किटला त्रिकोणमिती आधी लागते, म्हणजे मुख्य विषयही तेवढे मागे पडतात. एका दुपारच्या टेस्टपायी वर्ष जातं.

डिप्लोमात तुम्ही इंटिग्रेशन केलंय, ते सगळं कुठे गेलं असं वाटेल. ते कुठेही गेलेलं नाही. पण टेस्ट इंटिग्रेशन विचारत नाही, ती विचारते की कॅल्क्युलेटरशिवाय दोन अपूर्णांक भागता येतात का, वर्गसमीकरण सुटतं का, लॉग म्हणजे काय. म्हणून आधी दोन महिने घ्या. खान अकॅडमीवर अल्जिब्रा-१, अल्जिब्रा-२ आणि त्रिकोणमिती, रोज तासभर, पेन्सिल हातात धरून. व्हिडिओ नुसते बघू नका, ते बघताना सगळं येतंय असंच वाटतं. ॲक्युप्लेसरला वेळेचं बंधन नाही, हे लक्षात ठेवा. घाई करणारे आपले आपण मार्क घालवतात. परत बसता येतं का, किती दिवसांनी, ते कॉलेजला विचारा. आणि सुट्टीच्या दिवशी, झोप झालेली असताना जा.

एसी सर्किटमध्ये कॉम्प्लेक्स नंबर येतात. तुम्ही ते "जे" लावून केलेत. तिथे तुम्ही त्या एकोणीस वर्षांच्या पोरांना शिकवाल, आणि ती तुम्हाला सॉफ्टवेअर शिकवतील. हा सौदा वाईट नाही. लॅब पार्टनर निवडताना संकोच करू नका.

पैशाचं गणित तुमच्या बाजूनं आहे, आणि ते बहुतेकांना उशिरा कळतं. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्ही फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या शिक्षण मदतीचा अर्ज, भरू शकता. त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही. त्यातून मिळणारी पेल ग्रँट, म्हणजे केंद्राचं अनुदान, २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. ती परत फेडायची नसते, आणि रक्कम उत्पन्न, कुटुंबाचा आकार आणि तुम्ही किती क्रेडिट घेता यावर ठरते. अर्ध्या वेळेला कमी मिळते, पण मिळते. फॉर्ममध्ये दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न विचारतात, आणि तेव्हा तुम्ही शिरोलीत असाल तर तो पगार डॉलरमध्ये करून लिहायचा. रिकामं सोडू नका. न्यू जर्सीची स्वतःची योजनाही आहे, कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट. कुटुंबाचं उत्पन्न ६५,००० डॉलरच्या आत असेल आणि सेमिस्टरला किमान सहा क्रेडिट घेतले, तर बाकी अनुदानं वजा जाऊन उरलेली ट्यूशन ती भरते. त्याला राज्यात बारा महिने राहिलेलं असावं लागतं. तुम्हाला अजून वर्ष झालं नसेल तर तोवर गणित घासा, घाई काय आहे?

मालकालाही विचारा. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शिक्षणाची मदत मालक देऊ शकतो आणि तुम्हाला त्यावर कर लागत नाही, असा कायदाच आहे. ॲमेझॉनच्या वेअरहाउसमध्ये असाल तर त्यांची करिअर चॉइस योजना तासावरच्या कामगारांची फी भरते, ९० दिवस झाले की. तुम्ही कंपनीचं नाव लिहिलं नाहीत, पण टर्नपाइक महामार्गाच्या कडेची बरीचशी मोठी नावं असं काही ना काही देतात. एचआरला एक ईमेल टाकायला काय जातं?

खाजगी, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांपासून मात्र चार हात लांब. त्यांचे लोक फोन करकरून प्रवेश घ्यायला लावतात, लॅब चकाचक दाखवतात, आणि क्रेडिट पुढे सरकारी विद्यापीठं बहुधा घेत नाहीत. आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट नावाची मोठी साखळी होती, देशभर हजारो मुलं इलेक्ट्रॉनिक्सची असोसिएट करत होती. केंद्राच्या शिक्षण खात्यानं नव्या विद्यार्थ्यांना सरकारी मदत घ्यायला मनाई केली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ती रातोरात बंद पडली. (आयआयटीशी काही संबंध नाही, पण आपल्या लोकांचा नाव ऐकून घोळ व्हायचा.) तुम्ही काउंटीच्या कॉलेजातच जा. मिडल स्टेट्स कमिशनची मान्यता आहे ना, एवढं बघा. क्रेडिट पुढे नेताना तीच कामाला येते.

कागदपत्रांत वेळ जातो, म्हणून ते आधी सुरू करा. डिप्लोमाची सहाही सेमिस्टरची मार्कशीट, प्रमाणपत्र आणि एमएसबीटीईकडून (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) ट्रान्सक्रिप्ट. बोर्डाचं मुख्य ऑफिस वांद्रे पूर्वेला खेरवाडीत आहे. गावाकडच्या कुणाला पाठवण्याआधी ऑनलाइन काय होतं ते बघून घ्या. मग नेसेसच्या (परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन करणाऱ्यांची संघटना) सदस्य संस्थेकडून कोर्सवार मूल्यांकन करून घ्या, नुसतं "कागदपत्र मूल्यांकन" स्वस्त पडतं पण त्यावर क्रेडिट मिळत नाहीत. दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाचा काही भाग इथे हायस्कूलमध्येच धरला जातो, तेव्हा सगळे क्रेडिट मिळतील ही अपेक्षा ठेवू नका. चार-पाच विषय सुटले तरी एक सेमिस्टर वाचलं. आणि हायस्कूल पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून हे मूल्यांकन पेलसाठीही लागेल. कोर्सची रूपरेषा, म्हणजे जुना सिलॅबस कुणाकडे असेल तर तोही स्कॅन करून ठेवा. कॉलेजचा विभागप्रमुख बऱ्याचदा मूल्यांकनापेक्षा त्यावरच जातो.

आता तिसरा पर्याय, इलेक्ट्रिशियन. हा डावा समजू नका. आयबीईडब्ल्यू या इलेक्ट्रिशियनांच्या युनियनची अप्रेंटिसशिप पाच वर्षांची, कामाचे ८,००० तास आणि सोबत वर्ग. पहिल्या दिवसापासून पगार, दरवर्षी टक्का वाढत जातो, फी नगण्य. प्रवेशपरीक्षेत अल्जिब्रा आणि इंग्रजी वाचन, म्हणजे वर सांगितलेली दोन महिन्यांची तयारी इथेही कामाला येते. वयाची वरची अट नाही. पण काम बांधकामाचं आहे: पाइप वाकवणं, शिडी, जानेवारीतल्या उघड्या इमारतीत बोटं बधिर होणं. गुडघे आणि पाठ तुमची, तुम्हीच सांगा. दुसरं असं की, तुमची खरी हुशारी फॉल्ट शोधण्यात आहे, आणि बांधकामाच्या इलेक्ट्रिशियनला पहिली काही वर्षं ती दाखवायला फारशी संधी मिळत नाही. तुमच्या जागी मी असतो तर फॉल्ट शोधायच्या बाजूलाच राहिलो असतो.

त्याचं कारण सांगतो. आम्ही टेक्निशियन घेताना कागदी प्रश्न फार विचारत नाही. टेबलावर छोटं पॅनेल असतं: स्टार्ट-स्टॉप, स्टार्टर, एक पायलट दिवा, १२० व्होल्ट कंट्रोल. त्यात आधीच काहीतरी बिघडवून ठेवलेलं असतं. ड्रॉइंग देतो, मीटर देतो आणि बाजूला उभा राहतो. ताजा पदवीधर वायर ओढून बघायला लागतो, फ्यूज बदलू का विचारतो. मेंटेनन्समधून आलेला माणूस स्टार्ट दाबून धरतो आणि एकेका कॉन्टॅक्टच्या दोन्ही टोकांवर मीटर लावत जातो. बंद कॉन्टॅक्टवर शून्य, शून्य, शून्य, आणि ओव्हरलोडच्या कॉन्टॅक्टवर सगळे १२० व्होल्ट. म्हणजे तो उघडा आहे. मिनिटभरात झालं. हे कुठल्याच कॉलेजला पूर्ण शिकवता येत नाही आणि तुम्हाला ते येतं, फाउंड्रीच्या उष्णतेत रात्रपाळीला केलंय तुम्ही. अशा माणसांची गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर: "काय केलंस ते क्रमानं सांग आणि वर्क ऑर्डरमध्ये लिही." तिथे शब्द फुटत नाहीत. म्हणून टेक्निकल रायटिंगचा तो कंटाळवाणा वाटणारा कोर्स टाळू नका, आणि वर्गात प्रेझेंटेशन द्यायची वेळ आली की पहिला हात तुमचा.

मग डिग्री कशाला, हे येतंच की, असं विचाराल. कारण त्या टेबलापर्यंत पोचायला लागते. अर्ज आधी एचआरच्या सॉफ्टवेअरमधून जातो, तिथे "असोसिएट किंवा जास्त" अशी चौकट असते, आणि पॉलिटेक्निक म्हणजे काय हे त्या सॉफ्टवेअरलाही माहीत नाही आणि ते चालवणाऱ्या बाईंनाही नाही. डिग्री चालू असली तरी "अपेक्षित वर्ष अमुक" लिहून त्या चौकटीत बसता येतं.

आणि संधी तुमच्या नाकासमोरच आहे. तुम्ही ज्या वेअरहाउसमध्ये माल उचलता तिथल्या कन्व्हेयरला पीएलसी आहे, फोटो-आय (माल ओळखणारे सेन्सर) आहेत, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आहेत, आणि ती लाइन थांबली की धावत येणारा एक टेक्निशियन आहे. त्याच्याशी ओळख करून घ्या. लाइन थांबल्यावर मोबाइल काढण्याऐवजी तो काय बघतो ते बघा, हात मात्र लावू नका. मेंटेनन्स विभागात आतल्या आत बदली मागायला पहिलं सेमिस्टर पुरेसं कारण आहे. न्यू जर्सीत वेअरहाउसखेरीज औषधांचे कारखाने आहेत, डेटा सेंटर आहेत, सबस्टेशनचं टेस्टिंग करणाऱ्या कंपन्या आहेत. शेवटच्या प्रकाराकडे आपले लोक वळत नाहीत, आणि रिले, ब्रेकर, मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) यांत रस असलेल्या डिप्लोमावाल्यासाठी ती फार चांगली जागा आहे. नेटाच्या (इलेक्ट्रिकल टेस्टिंगवाल्यांची संघटना) सर्टिफिकेशनच्या पायऱ्या चढत गेलं की पगार वाढतो. प्रवास मात्र भरपूर, आणि शटडाउन शनिवार-रविवारीच असतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: वरचं सगळं ग्रीन कार्ड असलेल्याला लागू आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर लाखो रुपये खर्चून ही डिग्री करायला येऊ नका. त्यानंतर एक वर्षाची ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) मिळते, स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांची) दोन वर्षांची वाढ असोसिएटला मिळत नाही, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला बॅचलर्स लागते. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल तर शिकायला हरकत नाही, नोकरीला ईएडी (कामाचं परवानापत्र) लागेल.

राहिला तुमच्या मिसेसचा प्रश्न. त्या शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्सच्या बीएस्सी, गावी दहावी-बारावीच्या शिकवण्या घेत होत्या, आणि त्यांनीही तुमच्याबरोबर हाच कोर्स करावा का, असं विचारलंत. मी म्हणेन, नको. गणित त्यांच्या हातात ताजं आहे, फिजिक्स कॅल्क्युलसवरचं झालंय. त्यांचं मूल्यांकन करून घ्या आणि ते घेऊन त्यांना थेट एनजेआयटीच्या ट्रान्सफर ॲडमिशनकडे आणि काउंटी कॉलेजच्या असोसिएट इन सायन्सवाल्यांकडे, दोन्हीकडे जाऊ द्या. क्रेडिट कोण जास्त धरतो ते बघून ठरवा. पेलचं त्यांच्या बाबतीत वेगळं आहे. परदेशातली का होईना, बॅचलर्स झालेल्याला ती सहसा मिळत नाही. पण तीन वर्षांची बीएस्सी इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची नाही असं मूल्यांकनात आलं, तर फायनान्शियल एडचं ऑफिस विचार करू शकतं. तेव्हा मूल्यांकन हातात आल्याशिवाय फाफ्सात त्या प्रश्नाचं उत्तर अंदाजानं भरू नका, आधी त्या ऑफिसात जाऊन विचारा. आणि तुमची ॲक्युप्लेसरची तयारी त्यांनाच घ्यायला सांगा, शिकवणीची फी वाचेल.